तुराट्यांच्या भिंतीला साटीन

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला किळस परवडत नाही. नवरदेवांच्या दातांवर चढलेला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा रंग मी कॉम्प्युटरवर घासून काढला आहे. विहीणबाईंच्या ब्लाउजच्या ओल्या बगला कोरड्या केल्या आहेत. एका मामांच्या नाकातून डोकावणारे केस तर इतक्या फोटोंतून पुसले, की पुढं रस्त्यात ते भेटले तेव्हा माझी नजर आधी तिकडंच गेली. अमरावतीत इतकी वर्षं फोटोचं दुकान चालवायचं तर पोट दणकट लागतं, आणि माझं होतं. ते अकोल्यात एका कंपनीच्या मंडपात बिघडलं. बिघडवण्यात कंपनीचा वाटा होता, पब्लिकचा होता, पण सिंहाचा म्हणावा असा वाटा माझाच.

कंपनीच्या मंडपाला हल्ली पॅव्हेलियन म्हणतात. हे मला फोनवरच कळलं. फोन करणारी मुलगी अमरावतीचीच. प्रदर्शनांतल्या मंडपांची डिझाइनं करते. तिच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. त्या अल्बमात मी तिला इतकी गोरी केली होती की तिच्या सख्ख्या मावशीनं विचारलं, ही कोणाची पोरगी आहे. तरी तिनं मलाच फोन केला. मी याचा अर्थ माझी कला असा घेतला. खरं कारण तिनं नंतर सांगितलं : रविवारी पहाटे अकोल्याला पोचायला दुसरा कोणी तयार नव्हता.

"काका, एका मंडपाचे फोटो पाहिजेत. अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात आहे."

"माणसं किती राह्यतील?"

"एकही नाही. रिकामा पाहिजे."

"म्हणजे वऱ्हाड यायच्या आधीचा?"

"वऱ्हाड नाहीच आहे काका. कंपनीचा मंडप आहे. बियाणं न् फवारणीची औषधं विकते ती."

"मंग फोटो कोणाचा काढू?"

"मंडपाचा."

मंडप हा फोटोत माणसांच्या मागं असतो, एवढंच मला ठाऊक. नवरी उठून गेल्यावर रिकाम्या स्टेजचा फोटो मी आयुष्यात एकदाच काढला होता, आणि तो बटण चुकून दाबलं गेलं म्हणून.

तिनं मग मला नीट समजावलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली मंडप उभे करत आली. तीन दिवसांसाठी उभा करायचा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उकलायचा. उरतात ते फोटो फक्त फीत कापणाऱ्या पोटांचे. मंडप त्यांत कुठं दिसलाच तर पोटाच्या डावी-उजवीकडं. आता नागपूरची एक संस्था शेतीच्या जुन्या अवजारांचं संग्रहालय मांडून घेणार होती. त्यांनी तिला सोमवारी बोलावलं होतं आणि म्हटलं होतं, तुम्ही स्वतःच्या मनानं केलेलं एक तरी काम दाखवा. हा अकोल्याचा मंडप तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं केला होता, आणि तो रविवारी संध्याकाळी उकलणार होता. फोटो नसले तर दाखवायला तिच्याकडं काहीच राहणार नव्हतं.

"तुम्ही रविवारी सकाळी या. लोकांना आत सोडायच्या आधी उजेड तिरपा असतो. भिंत महत्त्वाची आहे. मी तिथंच राहीन, मी सांगते तसं घ्या. बस."

तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशेही पाठवले. ते मी लग्नपत्रिका बघतो तसे बघितले. म्हणजे ठिकाण बघितलं आणि जेवणाची सोय कुठं लिहिली आहे का ते शोधलं.

रविवारी या म्हटलं होतं, तर मी शनिवारीच गेलो. शनिवारी मुहूर्त नव्हता, घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा आधी जाऊन जागा बघून ठेवावी असा हुशार विचार केला. ती त्याच दिवशी मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी अमरावतीला आली होती. म्हणजे मूर्तिजापूरच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असणार. तिथं आमच्या गाड्या एकमेकींना घासल्या असत्या आणि दोघंही अडकून पडलो असतो, तर बरं झालं असतं.

अकोल्याच्या बाहेर हायवेला लागून मोठं मैदान होतं. कंपनीच्या मंडपाच्या दारात फायबरचा शेतकरी उभा होता. फेटा, पांढरेशुभ्र दात, गाल सफरचंदासारखे, पाठीवर फवारणीचा पंप. त्याच्या पोटात स्पीकर बसवलेला. समोरून कोणी गेलं की तो बोले, "नमस्कार, शेतकरी राजा." कुत्रं गेलं तरी बोले. शेजारी थर्माकोलच्या बैलांची गाडी. बैलांना पापण्या लावलेल्या, लांब लांब, ब्युटीपार्लरमधल्या. त्या गाडीत बसून फोटो काढायला रांग लागली होती. फुकटच्या टोप्या वाटणं चालू होतं. एका म्हाताऱ्यानं एकावर एक अशा इतक्या टोप्या चढवल्या होत्या की त्याचा डोक्यापर्यंत हात पोचत नव्हता. आत औषधांच्या बाटल्यांचा वास दाबायला गुलाबाचा फवारा मारणारं यंत्र ठेवलेलं. गुलाब आणि कीटकनाशक यांचा जो काय संसार झाला होता, तो थेट घशाला येऊन चिकटत होता. आणि माइकवरचा निवेदक सारखा, आपला बळीराजा, आपला अन्नदाता. त्या अन्नदात्याला बसायला तिथं एक खुर्ची नव्हती. खुर्च्यांवर कंपनीची माणसं बसली होती.

या सगळ्याचा वीट मला आत्ता येतो. तेव्हा मी काय म्हणालो हे खरं सांगायचं तर, "वा, खर्च केला बुवा," असं म्हणालो.

कंपनीचे मार्केटिंगचे साहेब मला भेटले. वय कोवळं, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. होते अकोल्याचेच, पण बोलायचं पुण्यासारखं असं त्यांनी ठरवलेलं. त्यांनी मला सगळा मंडप दाखवला आणि शेवटी मागच्या बाजूला नेलं.

तिथं ती भिंत होती.

तुरीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे तुराट्या, उभ्या लावून सुतळीनं बांधलेली, दीड पुरुष उंच, अर्धगोल वळत गेलेली. मधल्या फटींतून पलीकडचं मैदान दिसत होतं. खाली जमीन सारवलेली, आणि त्या जमिनीवर काहीच नाही. बाकी मंडपात पाय ठेवायला जागा नाही आणि इथं मोकळं. माझ्या मामाच्या गावी गोठ्याला असाच कूड होता. फक्त त्याला दोन्हीकडून शेणामातीचा गिलावा असे. इथं गिलावा नव्हता. तेव्हा मी वऱ्हाडातला कोणताही माणूस काढेल तोच निष्कर्ष काढला : काम अर्धवट राहिलं आहे. गिलावा करणाऱ्या बाया आल्या नसतील.

"हे जरा रॉ वाटतंय ना?" साहेब म्हणाले. "मॅडमची कन्सेप्ट आहे. मुंबईच्या वरच्या साहेबांना ड्रॉइंग आवडलं, म्हणून आम्ही काही बोललो नाही. पण लोक विचारतात, इथं जनावरं बांधणार का."

मला त्या मुलीची काळजी वाटली. हे मी प्रामाणिकपणे सांगतोय. मनात म्हटलं, बिचारी नागपूरला हे दाखवणार? बाप्पा, उद्या पहाटे ही येणार, गिलावा झालेला नसणार, हिचं तोंड एवढंसं होणार. लग्नात ऐन वेळी मागची भिंत खराब निघाली तर फोटोवाला काय करतो? कापड लावतो. तीस लग्नांतल्या पंचवीस लग्नांत मी तेच करतो, आणि मागं संडास आहे हे कोणाला कळतही नाही.

त्या मैदानाचा शामियाना ज्याच्याकडं होता तो मंडपवाला अमरावतीचाच, माझा लग्नांतला जुना सोबती. त्याला हाक मारली.

"साटीन हाय का बे?"

"कोन्त्या रंगाचं पाह्यजे? गुलाबी हाय. कालच्या लग्नातून निघालं. एका जागी वरण सांडेल हाय, पन कापडाच्या चुन्यांत लपवून टाकू."

"पुरते का इतक्या भिंतीले?"

त्यानं भिंतीकडं बघितलं. "ही भिंत होये? मले वाटलं जळतन आनून ठेवलं."

त्याची पोरं शिडी घेऊन आली, खिळे आणि टाचण्यांनी साटीन ठोकत गेली. भिंत गोल आणि कापड सरळ, त्यामुळं मधोमध कापडामागं एक माणूस आरामात उभा राहील एवढी पोकळी राहिली. शेवटी साटीन कमी पडलं. कडेचा एक तुकडा उघडाच राहिला. तो फायबरच्या शेतकऱ्याला हलवून त्याच्यामागं लपवला. वर झालर, मध्ये सोनेरी फूल. मग मी संध्याकाळच्या लाइटमध्ये साहेबांना उभं करून झकास फोटो काढले. साहेबांनी ते तिथूनच मुंबईला पाठवले. मुंबईहून अंगठा आला. साहेबांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "आत्ता कुठं हे इव्हेंट वाटतंय."

लॉजवर मी समाधानानं जेवलो. मैदानावर त्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. गर्दी प्रचंड होती. मला त्या गर्दीशी काय करायचं होतं? मी झोपलो.

सकाळी मैदानावर धुकं होतं. मी ब्लेझर घातला होता, कारण कंपनीचं काम. ती उजाडता उजाडता पोचली, हातात चहाचा थर्मास. मागच्या बाजूला आली आणि उभी राहिली. मला वाटलं, भारावली.

"काका, हे काय आहे?"

"थोडं सजवलं. तुझा गिलावा राह्यला होता ना."

"गिलावा?"

"भिंतीले."

तिनं थर्मास खाली ठेवला. ती शिकलेली, शहरात वावरलेली, बोलणं एकदम स्वच्छ. पण राग आला की माणूस आपल्या गावाला परत जातो.

"काका, तुमाले म्या काय सांगतलं होतं? मी येतो मंग घ्या म्हून सांगतलं होतं का नाई? कोनी सांगतलं होतं तुमाले हात लावाले?"

"अवं, तुझ्या भल्यासाठीच..."

"माह्या लग्नातबी माह्या भल्यासाठीच मले भुतासारखी पांढरी केली होती. काढा ते. सूर्य वर येऊन राह्यला."

मंडपवाला चूळ भरत होता, तो तसाच आला. मी एका टोकानं साटीन धरलं, त्यानं दुसऱ्या. खिळे सुटत गेले. साटीन वर गेलं आणि सगळ्यात आधी वास आला.

कालच्या त्या गर्दीला आम्ही आडोसा करून दिला होता.

ते जसं होतं तसं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. तुराट्यांवरून लाल ओघळ उतरले होते, काही वाळलेले, काही अजून चकाकत असलेले. थुंकणाऱ्यांनी नुसतं थुंकलं नव्हतं, उंचीची स्पर्धा लावल्यासारखं थुंकलं होतं. फटीफटीत खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या बोळे करून कोंबलेल्या. चुना बोटानं पुसलेला, काडीवर काडी. खालच्या हातभर पट्ट्यात मुतारी. सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला होता, आणि त्या चिखलात कोणाचा तरी अर्धा खाल्लेला समोसा, त्याच्यावर मुंग्या. कंपनीची फुकटची टोपी एका काडीला व्यवस्थित टांगून ठेवलेली. तिचा मालक मोकळे हात करून कामाला लागला असणार आणि मग विसरला असणार. आणि या सगळ्यावर कालचं गुलाबाचं यंत्र इमानदारीत फवारा मारत होतं. आणि पलीकडून, धुक्यातून कोणीतरी झाडूवाली गेली असेल, "नमस्कार, शेतकरी राजा."

माझं दणकट पोट एकदम वर आलं. उलटी होणार हे कळल्यावर माणूस काय करतो? लोकांना दिसू नये अशी जागा शोधतो. मी तोंडावर हात धरून धावलो, इकडं उघडं मैदान, तिकडं हायवे, आणि समोर एकच आडोसा. साटीनचा अजून न काढलेला तुकडा. मी त्याच्यामागं गेलो आणि त्या भिंतीवर माझी भर घातली.

बाहेर आलो तेव्हा मंडपवाला माझ्याकडं बघत होता. त्यानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि शांतपणे म्हणाला, "तुमी तं शिकले सवरलेले मानूस हा, भाऊ."

ती हसली नाही. ती भिंतीजवळ उभी होती, नाकाला ओढणी, आणि डोळे भरलेले. मला वाटतं, मी त्या लग्नात तिच्या पाठवणीचे रडतानाचे फोटो काढले होते ते सगळे खोटे होते. खरं रडणं असं दिसतं.

"बादली आणू का?" मी म्हणालो. "धुऊन काढतो."

बादली आणली. ब्लेझर काढून मंडपवाल्याकडं दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खराट्यानं घासायला लागलो. पाणी मारल्यावर ते लाल आणखी पसरलं. वाळलेल्या काड्यांनी पाणी पिऊन टाकलं, त्याबरोबर थुंकीही पिऊन टाकली. खिळ्यांनी चिरलेल्या काड्या खराट्याच्या मारानं मोडायला लागल्या. माझ्या नडगीवर उडालेलं काय होतं ते मला माहीत होतं. मी खाली बघायचं टाळत होतो.

"राहू द्या काका. अजून खराब होऊन राह्यलं."

"मंग असं करतो. तू फक्त उभी भिंत घेऊ दे, बाकी मी कॉम्प्युटरवर साफ करतो. कोणाले समजत बी नाही."

"मला समजते ना."

एवढ्यात सूर्य वर आला. मी तिच्या नकाशात वाचलं नव्हतं ते आता समोर पडलं. साटीन काढताना फायबरचा शेतकरी बाजूला सरकवलेला होता. कडेचा जो तुकडा साटीन न पुरल्यानं उघडा राहिला होता, त्याच्यातून उजेड आत आला आणि सारवलेल्या जमिनीवर बारीक बारीक पट्ट्यांचं शेत उभं राहिलं. तुरीच्या पेरलेल्या तासांसारखं, ओळीनं. वारा आला की तुराट्या किंचित हलत आणि ते शेतही हलत होतं. भिंत अर्धगोल का होती, जमीन मोकळी का होती, गिलावा का नव्हता, हे सगळं बादली हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला एकदम कळलं. उशिरा कळलं. कारण पट्टे त्या तुकड्यापुरतेच. साटीनमागच्या भागातून उजेड येत नव्हता. फटी पन्न्यांनी बुजल्या होत्या.

मंडपवाल्यानं डोकं खाजवलं. "एक गोष्ट पाह्यली का, पोरी? ह्या उघड्या कोपऱ्यात एक पिचकारी नाई. दोन दिवस साटीन नव्हतं, तवाबी कोनी थुकलं नव्हतं. काहून?"

ती फटींतून पलीकडं बघत होती, जिथं चहाच्या टपरीवर माणसं जमायला लागली होती. त्यांतला एक जण तोंडात काहीतरी घोळवत भिंतीकडं आला, फटींतून आमच्याकडं बघितलं, ओशाळला, आणि तसाच गालफडं फुगवून पुढं निघून गेला.

"इकडून थुकलं तर तिकडच्याले दिसते," ती म्हणाली. "म्हणून."

हे तिला आधी ठाऊक होतं असा दावा तिनं कधी केला नाही. तिला ते तिथं, माझ्यासमोर कळलं. मग तिनं माझा कॅमेरा माझ्या हातात दिला.

"आधी उघडा तुकडा घ्या, जमिनीवरच्या पट्ट्यांसकट. मग मागं सरका आणि दोन्ही एका फोटोत घ्या. ही बाजू आणि ती बाजू."

"ती घाण घेऊ?"

"घ्या."

"पोरी, नागपूरवाले काय म्हणतील? म्हणतील, बाई गोठा दाखवून राह्यली, न् तोबी बिनसाफ केलेला."

"दुसरं काय ठेवलं तुम्ही माझ्याजवळ दाखवायला?"

मी कॅमेरा लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट झाकायची म्हणून नव्हे तर दिसायची म्हणून प्रकाशात घेत होतो, आणि ती गोष्ट थुंकी होती. फोकस नीट बसावा म्हणून मला जवळ जावं लागलं. त्यातल्या एका काडीवर चुन्याचं बोट इतकं स्पष्ट आलं आहे की पोलिसांनी ठसा म्हणून वापरावं. माझा स्वतःचा हातभारही एका कोपऱ्यात आला. तो कापू का, असं मी विचारलं. नको म्हणाली.

पट्टे सरकले, पुसट झाले, संपले. तेवढ्यात साहेब आले.

त्यांनी भिंत बघितली, मग खाली पडलेलं साटीन बघितलं. त्यांना राग आला तो साटीनकडं बघून.

"हे कोणी काढलं? दुपारी मुंबईचे साहेब येतायत. कालचे फोटो बघून ते मुद्दाम येतायत."

"सर, मागं बघा जरा काय झालंय," ती म्हणाली.

"मॅडम, मागचं कोण बघतं?"

आणि मंडपवाल्याच्या पोरांनी तेच साटीन त्याच घाणीवर परत ठोकलं. आता त्याला वरणाशिवाय दुसरेही डाग होते, ते चुण्यांत घेतले. गुलाबाच्या यंत्रात नवी बाटली घातली. फायबरचा शेतकरी परत कोपऱ्यात उभा राहिला. दुपारी मुंबईचे साहेब आले, साटीनकडं पाठ करून हसले, आणि मी त्यांचे फोटो काढले. हो, काढले. नाक दाबून काढले असं मी सांगू शकलो असतो, पण दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. दिवसभर लोक येत होते, बायका-पोरांना त्या गुलाबी झालरीखाली उभं करत होते, आणि म्हणत होते, कसं मस्त केलं ना. मला एकेकाला सांगावंसं वाटत होतं, आणि मी एकालाही सांगितलं नाही. संध्याकाळी भिंत उकलली. तुराट्या कोणी जळणाला सुद्धा नेल्या नाहीत. मंडपवाल्यानं त्या मैदानाच्या कडेला ढीग करून पेटवल्या, आणि तो धूर हायवेवर बराच लांबपर्यंत माझ्या गाडीच्या मागं येत राहिला.

अंगाला साबण लावून लावून मी दोन वेळा आंघोळ केली. बायको म्हणाली, मयतीले गेलते का. मी हो म्हणालो.

सोमवारी दिवसभर मी फोनकडं बघत होतो. तिचा फोन संध्याकाळी आला.

"मिळालं काका."

मी खुर्चीत बसलो.

"त्यांनी सगळे फोटो पाहिले. पट्ट्यांचा फोटो पाहून एक जण म्हणाले, छान. शेवटचा पाहून सगळे उठलेच. मग त्यांनी मला त्यांचा जिना दाखवला. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या आहेत आणि देवांच्या गळ्यापर्यंत लाल. म्हणाले, आमच्या संग्रहालयात आडोसा नको, एवढं करता येईल का तुम्हाला?"

"वा," मी म्हणालो. आणि मग माझ्यातला तो जुना किडा वळवळला. "म्हणजे एका परीनं माझ्यामुळंच मिळालं म्हणायचं."

ती शांतपणे बोलली.

"नाही काका. तुमच्याशिवायही मिळालं असतं. आणि साफ मिळालं असतं."

"बरं."

"त्यांनी विचारलं, कापड कोणी लावलं. मी सांगितलं, आमच्या ओळखीचे एक काका आहेत."

"नाव सांगतलं का?"

"अजून नाही."

ते 'अजून' माझ्या मानेवर बसलं आहे. नागपूरचं संग्रहालय उघडेल तेव्हा फोटो काढायला मला बोलवणार का, हे मी तिला विचारलेलं नाही. दुकानात तिचा नंबर दिसला की मी ब्लेझरचं बटण लावून मगच फोन उचलतो.

कंपनीनं मात्र माझा मान राखला. साटीनसमोरच्या मुंबईच्या साहेबांचा फोटो त्यांनी वर्षाच्या कॅलेंडरवर छापला. माझी सर्वांत जास्त ठिकाणी पोचलेली कलाकृती तीच. धारणीला एका लग्नाला गेलो, तिथं बसस्टँडसमोरच्या बियाण्याच्या दुकानात ती होती. परवा चांदूर बाजारच्या कृषी केंद्रात ओळखीच्यांसोबत उभा होतो, तर गल्ल्याच्या मागं, अगदी कोपऱ्यात, तीच. गुलाबी झालर, सोनेरी फूल, साहेबांचे दात.

"लय भारी फोटो काढला कोनं तरी," दुकानदार म्हणाला.

मी पुढं झालो आणि कॅलेंडरचं खालचं टोक उचललं.

"काय पाह्यता जी?"

"काही नाही. मागचं."

मागं भिंतीत एक खाच होती, आणि त्या खाचेत खर्ऱ्याची पन्नी नीट घडी करून खोचून ठेवलेली. खाली, गल्ल्याला टेकून जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथं, भिंत पार लाल. दुकानदार जरासा हसला, पुढं येऊन त्यानं कॅलेंडर माझ्या हातातून सोडवलं आणि परत सरळ केलं.